पाय म्हणजे कुठून

"बोटंच कापायची हाईत न्हवं? मग वर मांडीपतुर कशापायी तासतीस पोरी?"

ओडिलियाच्या हातातला वस्तरा पा वालांगच्या नडगीवर थांबला. सकाळचे पावणेसात वाजले होते. साबणाचा फेस गुडघ्याच्या वर चार बोटं चढला होता. ऑपरेशनची यादी भिंतीवर लागली होती आणि तिच्यात पहिलं नाव या म्हाताऱ्याचं होतं, आठ वाजता.

"बोटं कोण म्हणालं, पा?" डोंगरातल्या म्हाताऱ्यांना सगळे पा, म्हणजे बाबा, म्हणत.

"आता कोण म्हणायचं? तूच की. पाय कापायला लागंल म्हणालीस काल." त्यानं मान उचलून आपल्या पावलाकडं पाहिलं. दोन बोटं आणि तळव्याची कड जळलेल्या कणसासारखी काळी पडली होती. "जेवढा मेलाय तेवढा काप म्हणलं. बाकीचा चांगलाय. बाकीच्यावर म्या अजून डोंगूर चढीन."

ओडिलियानं वस्तरा भांड्यात ठेवला आणि उगाचच पाणी हलवलं.

काल संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर म्बिदा याच पलंगाशी उभे राहून चांगली चार मिनिटं फ्रेंचमध्ये बोलले होते. साखर, बंद झालेल्या रक्तवाहिन्या, वर चढत चाललेलं विष, गुडघ्याखाली आठ बोटांवर छेद, मग लाकडी पाय. बोलून झाल्यावर त्यांनी ओडिलियाकडं पाहिलं. ती सकाळी सहापासून उभी होती. दिवसभरात तिला बाळंतिणींच्या वॉर्डानं दोनदा, औषधांच्या खिडकीनं एकदा आणि पोरांच्या वॉर्डानं एकदा बोलावून नेलं होतं. 'मादाम ओडील, जरा या, कुणी बामेंडाची बाई आलीय, काय म्हणते समजत नाही.' डॉक्टरांच्या चार मिनिटांचं तिनं चार शब्दांत केलं. "पा, पाय कापायला लागेल." पिजिनमध्ये, म्हणजे बाजारातल्या मोडक्या इंग्रजीत, मांडीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत सगळा पायच. म्हातारा म्हणाला, "काप की मग," आणि कागदावर अंगठा उठवला. अंगठ्याच्या खाली दुभाषी म्हणून सही होती ती तिची.

तिचं गाव न्सोच्या डोंगरात, त्याचं कोमच्या. मध्ये एका दिवसाची चाल. तरी त्याची बोली तिला कळत नव्हती आणि तिची त्याला, म्हणून दोघं बाजारात बोलतात त्या पिजिनमध्ये बोलत. इंग्रजी तिला डोंगरातल्या शाळेत मिळाली. फ्रेंच मात्र तिशीत शिकावी लागली, नवऱ्याला इथं, फ्रेंच बोलणाऱ्या दुआलाच्या बंदरात नोकरी लागली तेव्हा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, फ्रेंच राहिली. इस्पितळात तिच्या नावाचा शेवट कापून तिला ओडील केलं होतं. बामेंडा हे खरं तर शहराचं नाव, पण इथं ते ओझी वाहणाऱ्याला आणि मठ्ठ माणसाला लावत. तिला ते कुणी रागानं म्हणत नसे, त्यामुळं तिला रागावताही येत नसे. डोंगरात लष्कर आणि बंडखोरांचा गोळीबार सुरू झाल्यापासून तिकडची माणसं नदीपलीकडच्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांमधून दाटीनं राहू लागली, आणि आजारी पडली की या इस्पितळात येऊ लागली. ती आली की ओडिलियाला हाक जायची. हे काम तिच्या नेमणुकीच्या कागदात कुठंच नव्हतं.

"काय गं, गप का झालीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आलेच, पा. पाणी गार झालंय."

वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला सगळे मेजर म्हणत. मादाम न्गो बासोंग ही मेजर म्हणून अठरा वर्षं मुरलेली बाई. ती टेबलाशी बसून छातीला देशाच्या झेंड्याची हिरवी-तांबडी-पिवळी फीत टाचत होती. फ्रेंच आणि इंग्रजी या देशाच्या दोन राजभाषांच्या द्विभाषा सप्ताहाचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी आवारात कार्यक्रम होता, आणि सगळ्यांनी दिवसभर इंग्रजी बोलायचं असा संचालकांचा हुकूम होता.

"गुड मॉर्निंग, ओडील," ती म्हणाली आणि लगेच फ्रेंचवर आली. "झाली तयारी म्हाताऱ्याची?"

"त्याला वाटतंय बोटं कापणार."

मेजरनं टाचणी तोंडातून काढली. "कुणी सांगितलं बोटं?"

"कुणीच नाही. मी पाय म्हणाले."

"मग बरोबरच म्हणालीस. पायच कापणार आहेत."

"मादाम, त्यानं बोटांसाठी अंगठा दिलाय."

"अंगठा दिलाय ना? बस." मेजर उठली, दार लोटून आली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, आपण दोघी म्हाताऱ्या झालो इथं. गेल्या वर्षीची ती बाई आठव. डॉक्टरांनी नीट समजावलं, उठली, घरी गेली, आठव्या दिवशी तिचा भाऊ मृत्यूचा दाखला न्यायला आला. याला सांगितलंस तर हापण उठेल. नाही सांगितलंस तर जगेल. शुद्धीवर आला की रडेल चार दिवस, मग तुलाच आशीर्वाद देईल."

ओडिलियाला ते पटलं. तिला पटलं नसतं तर गोष्ट सोपी होती. ती भांडं घेऊन नळापाशी गेली, पाणी बदललं, परत पलंगाकडं निघाली. मग दारातून वळली आणि भांडं तिथंच जमिनीवर ठेवून ऑपरेशनच्या खोलीकडं गेली.

डॉक्टर म्बिदा हात धुवायच्या तयारीत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं होतं.

"मादाम ओडील, तुम्ही तीस वर्षं नर्स आहात. या पायाला किती दिवस आहेत असं तुम्हाला वाटतं?"

"फार नाहीत."

"आज गुडघा वाचवता येतो. चार दिवसांनी येणार नाही. आठ दिवसांनी माणूसच नाही. आणि तुम्ही मला सांगताय की काल तुम्ही भाषांतर चुकवलंत."

"हो."

"का?"

तिला पुष्कळ सांगता आलं असतं. "दमले होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नळ बंद केला. "मीपण दमलोय. हर्नियावाला आधी घेतो. तुम्हाला तास मिळेल. पण एक लक्षात ठेवा, तो नाही म्हणाला तर फाइलीत मी कारण लिहीन."

"लिहा, डॉक्टर."

ती पलंगाच्या कडेला बसली. इतक्या वर्षांत रुग्णाच्या पलंगावर ती क्वचितच बसली असेल. तिनं त्याच्या पायावरचा वाळलेला फेस पुसला, गुडघ्याखाली आठ बोटं मोजली आणि नखानं रेघ ओढली.

"पा, इथून."

म्हातारा रेघेकडं बघत राहिला. तिनं डॉक्टरांची चारही मिनिटं त्याला सांगितली, एक शब्द न गाळता. विष कसं चढतं ते सांगितलं, न कापल्यास काय होईल तेही.

"तू पाय म्हणालीस," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"तुला ठावं व्हतं कुठून ते."

"ठाऊक होतं. मला वाटलं तुम्हाला कळलं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही, पा. घरी जायची घाई होती."

"त्या कागदावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई," म्हातारा म्हणाला. "म्या अंगठा त्यावर न्हाई दिला. तुझं तोंड बघून दिला. म्हणलं, ही आपल्या डोंगराची हाय." त्यानं चादर पायावर ओढून घेतली. "जा तू आता. माझ्या लेकीला लावून दे."

त्याची लेक पर्पेतुआ मक्याची पेज घेऊन फाटकाशीच भेटली. नदीपलीकडं रस्त्याच्या कडेला ती मासे भाजून विकायची. केसांना अजून कालच्या धुराचा वास होता. ऐकता ऐकता तिनं डबा खाली ठेवला.

"म्हणजे आज कापून टाकला असता, आणि मी पेज घेऊन आले असते."

"मी चुकले, पर्पेतुआ."

"चुकलात कशाच्या. त्या फ्रेंचवाल्यांचं तोंड झालात तुम्ही. इतकी वर्षं त्यांच्यात राहून त्यांच्यासारख्याच झालात. आपल्या माणसाला चार शब्द टाकायचे, कुत्र्याला टाकल्यासारखे."

ओडिलियानं डबा उचलून तिच्या हातात दिला. पेज सांडायला आली होती.

म्हातारा नाही म्हणाला. डॉक्टरांनी फाइलीत लिहिलं: रुग्णाचा नकार, दुभाष्याची चूक. दुपारी आवारात मांडव होता, खुर्च्या होत्या, संचालकांचं भाषण होतं. उत्तम द्विभाषिक कर्मचारी म्हणून ओडिलियाचं नाव ठरलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. प्रमाणपत्र प्रयोगशाळेतल्या क्रिस्तेल नावाच्या मुलीला मिळालं. तिनं इंग्रजीतून एक कविता म्हटली, पाठ केलेली, अर्ध्यात अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ओडिलियानं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मेजर तिच्या कानाशी म्हणाली, "मी सांगितलं होतं." त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता.

शनिवारी पा वालांगला ताप चढला. रविवारी उतरला आणि पुन्हा चढला. जखमेचा वास आता शेजारच्या पलंगांना सहन होईना, म्हणून त्याला खिडकीशी हलवलं. ओडिलिया ड्रेसिंग करी, तो छताकडं बघत राही. पर्पेतुआ घरून मक्याचा उंडा आणि काळसर हिरवी पालेभाजी आणी, तो दोन घास खाई. लेकीला तो एवढंच म्हणे की पुऱ्या अंगानं जन्मलो, पुऱ्या अंगानं जाईन.

सोमवारी ड्रेसिंग बांधून झाल्यावर त्यानं एकदम विचारलं, "असा माणूस हाय का हितं? कापलेला?"

"आहे."

"डॉक्टरनं पाठवलेला नगं. तुझ्यावाणी पगारी बी नगं."

इस्पितळाच्या फाटकाबाहेर रंगीत छत्रीखाली मस्यू त्चिंदा बसायचा. फोनची रिचार्ज कार्डं विकायचा आणि मोडक्या छत्र्या सांधायचा. सात वर्षांपूर्वी ट्रकखाली त्याचा पाय गेला होता. फ्रेंच बोलणाऱ्या बामिलेके जमातीचा माणूस, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ओडिलियानं त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं दुकान शेजारणीच्या हवाली केलं आणि कुबड्या घेऊन आला. पलंगापाशी आल्यावर त्यानं खुर्ची मागितली नाही. विजारीचा पाय वर करून थोटकं म्हाताऱ्यासमोर धरलं.

"हात लावू दे म्हणावं," पा वालांग म्हणाला.

"लाव म्हणावं. लाजतोस काय नवरीसारखा," त्चिंदा म्हणाला.

ओडिलिया दोघांच्या मध्ये उभी राहिली. म्हाताऱ्यानं त्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग प्रश्न सुरू झाले.

"दुखतं का?"

"पाऊस आला की. आणि खाज सुटते."

"कुठं?"

"अंगठ्याला. जो नाही त्या अंगठ्याला. सात वर्षं झाली, अजून सुटते. खाजवायला काही नाही."

डॉक्टर म्बिदा फेरीवर येऊन मागं थांबले होते. त्यांनी हळूच म्हटलं, "मादाम, ते राहू द्या. घाबरेल." ओडिलियानं ते पा वालांगला सांगितलं. खाजेचंही सांगितलं, आणि डॉक्टर म्हणतात राहू द्या हेही.

म्हाताऱ्याच्या तोंडाची एक कड हलली. "इचार, लघवीला कसं जातो."

"बसून. बायकांसारखं. पहिले पहिले लाज वाटते, मग बरं वाटतं, गुडघे दुखत नाहीत. म्हणजे गुडघा."

"बायकू?"

"आहे की. दुसरी. पहिली गेली." त्चिंदा थांबला. "हे सांगा त्याला, मादाम. वर्षभर मी घरात तोंड भिंतीकडं करून पडलो होतो. लोक म्हणतात चार दिवसांत सवय होते, ते खोटं. वर्ष लागतं. पण मग एक दिवस भूक लागते."

तिनं सांगितलं. वर्षाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. भुकेचं दोनदा सांगितलं. अर्धा तास ती असं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेत राहिली, आणि त्या अर्ध्या तासात तिला कुठूनही हाक आली नाही. जाताना त्चिंदानं म्हाताऱ्याचा खांदा दाबला आणि कुठंतरी ऐकलेला एकच इंग्रजी शब्द म्हणाला, "स्ट्राँग."

पा वालांगनं चादर पायावरून बाजूला सारली.

"डॉक्टरला सांग, काप म्हणावं. पण पाय माझ्या लेकीच्या हातात द्यायचा. कचऱ्यात न्हाई."

डॉक्टरांनी पट्टी सोडली, पोटरी दाबून पाहिली, गुडघ्यामागं बोटं लावून नाडी शोधली, बराच वेळ शोधली. उठताना ते ओडिलियाला म्हणाले, "आता गुडघ्याच्या वर. मांडीच्या मध्यावर. शुक्रवारी खाली जमलं असतं." आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते तिला जास्त लागलं. "हे त्याला कसं सांगायचं ते तुम्ही बघा."

कसं सांगायचं हे बघण्यासारखं काही नव्हतं. तिनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. "पा, आता इथून. शुक्रवारी मी गप्प बसले असते तर गुडघा राहिला असता. डॉक्टर तसं म्हणतात, आणि ते खरं आहे."

म्हातारा तिच्या हाताकडं बघत होता.

"शुक्रवारी तू गप बसली असतीस," तो सावकाश म्हणाला, "तर गुडघा मला दिसला असता, आणि तू न्हाई. तुझ्या तोंडाकडं म्या परत बघितलं नसतं." मग म्हणाला, "कुठं द्यायचा अंगठा ते दाव."

मंगळवारी सकाळी पाय कापला. ओडिलियानं तो स्वतः छापील कापडात गुंडाळला आणि वर रबरी चादर बांधली. तो तिनं पर्पेतुआच्या हातात दिला. पर्पेतुआ दोन पावलं गेली, थांबली.

"मला एकटीला नाही जमणार, मावशी."

ओडिलियानं मेजरकडं दुपारची सुटी मागितली. मेजरनं कारण विचारलं नाही. दोघी मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून पूल ओलांडून गेल्या, पर्पेतुआ मध्ये आणि तिच्या मांडीवर ते गाठोडं. मोटरसायकलवाल्यानं विचारलं, मासे का. पर्पेतुआ हो म्हणाली. घरमालकानं अंगणात खणू दिलं नव्हतं, पण इंग्रजीत मिस्साची उपासना होते त्या चर्चच्या शिपायानं कुंपणाजवळची जागा दाखवली. जमीन ओली होती. दोन हात खणलं आणि पाणी लागलं. पर्पेतुआला कोमची बोली घरात बोलण्यापुरतीच येत होती, चार वर्षांची असताना ती दुआलाला आली होती. "तुम्हीच म्हणा काहीतरी," ती म्हणाली. ओडिलियानं पदर सावरावा तसं डोक्याचं फडकं सावरलं आणि शाळेत शिकलेली प्रार्थना म्हटली. मग दोघींनी हातानं माती लोटली.

तिसऱ्या दिवशी पा वालांगचा ताप पूर्ण उतरला. ओडिलिया थर्मामीटर घेऊन आली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती.

"पुरलात?"

"हो, पा. चर्चच्या कुंपणाशी. जागा ओली आहे, पण बरी आहे."

"काय म्हणालात त्येच्यावर?"

"प्रार्थना म्हटली. मीच म्हटली. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ही."

"कुठल्या बोलीत?"

"इंग्रजीत."

म्हातारा जरासा हसला, खोकला, पोटावर हात धरून थांबला. "इंग्रजीत व्हय. तुझी चूक न्हाई, पोरी. पण माझ्या पायाला इंग्रजी कुठली कळायला."

त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं, नदी होती त्या दिशेला. आणि आपल्या बोलीत बोलू लागला. हळू, मध्येमध्ये थांबत, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला वाट समजावून सांगावी तसं. कुठं त्याचा आवाज चढला, कुठं तो रागावल्यासारखा झाला, एकदा त्यानं कुणाचं तरी नाव घेतलं. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं ओडिलियाला फ्रेंचमध्ये विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"माहीत नाही," ओडिलिया म्हणाली.

तिला एक शब्दही कळत नव्हता. थर्मामीटर हातात धरून, त्याचं बोलणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.